त्वरण, मंदन आणि शिखरावरील चेंडू : गतिविषयक मूलभूत संकल्पनांच्या अध्यापनाची चिकित्सा

गोषवारा : गतीची समीकरणे वापरता येणे आणि गती समजणे या भिन्न गोष्टी आहेत. त्वरणाची 'धन म्हणजे वेगवाढ, ऋण म्हणजे मंदन' ही रूढ मांडणी या दोहोंतील दरी वाढवते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : वेग, त्वरण, मंदन, पूर्वसंकल्पना, बल.

१. प्रस्तावना

सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती, या प्रश्नाला प्रथम वर्षाच्या वर्गात 'शून्य' हे उत्तर हटकून मिळते. चेंडू किती उंच जाईल हे मात्र तेच विद्यार्थी अचूक काढतात. आणि ते काढताना त्वरण संपूर्ण प्रवासात स्थिर धरलेले असते. उत्तर बरोबर येते, पण ते ज्या गृहीतकावर उभे आहे ते विद्यार्थ्याला मान्य नसते. ही विसंगती आकडेमोडीची नव्हे, संकल्पनेची आहे. ट्रोब्रिज आणि मॅकडरमॉट यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या वेगविषयक (१९८०) व त्वरणविषयक (१९८१) आकलनाचा अभ्यास केला. दोन चेंडू शेजारी आले की त्यांची चाल समान झाली, असे मानणारे विद्यार्थी त्यांना आढळले. स्थान, वेग आणि वेगातील बदल या तीन राशी परस्परांपासून सुट्या न होणे, हे या अडचणीचे मूळ होय.

२. वर्गीकरणातील दोष

वेग वाढला तर त्वरण धन, कमी झाला तर ऋण आणि या ऋण त्वरणासच मंदन म्हणावे, असे वर्गीकरण शालेय स्तरापासून रूढ आहे. सोपेपणासाठी स्वीकारलेली ही मांडणी पहिल्याच गंभीर उदाहरणात कोसळते. चेंडू १९.६ मीटर प्रति सेकंद वेगाने वर फेकला आणि वरची दिशा धन मानली, तर हवेचा रोध दुर्लक्षून प्रत्येक सेकंदाअखेर त्याचा वेग अनुक्रमे ९.८, ०, उणे ९.८ आणि उणे १९.६ असा होतो. प्रत्येक सेकंदात वेग तेवढ्याच प्रमाणात बदलतो; म्हणजे चारही सेकंद त्वरण उणे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकेच आहे. तथापि पहिले दोन सेकंद चेंडूची चाल कमी होते आणि नंतरचे दोन सेकंद ती वाढते. त्वरण ऋण असूनही चाल वाढते, याचा मेळ रूढ व्याख्येशी बसत नाही.

त्वरणाचे चिन्ह निवडलेल्या धन दिशेवर अवलंबून असते. चाल वाढणे वा घटणे हे वेग आणि त्वरण यांच्या परस्पर दिशांवर अवलंबून असते. या दोन स्वतंत्र बाबींची 'मंदन' या एका शब्दात सरमिसळ होते. शिखरावर त्वरण शून्य असते तर वेगही शून्यच राहून चेंडू तेथेच लोंबकळत राहिला असता, हा साधा युक्तिवाद पुष्कळदा वर्गात मांडलाच जात नाही.

३. शब्दांचा वारसा

'त्वरण' या संज्ञेत 'त्वरा' आहे. त्यामुळे थांबणाऱ्या किंवा वळणाऱ्या बसला त्वरण आहे हे विधान मराठी कानाला विपरीत वाटते. 'वेग' शब्दाचा वारसा अधिक लक्षणीय आहे. वैशेषिक दर्शनात वेग हा संस्काराचा एक प्रकार मानला आहे. दोरीच्या आघाताने बाणात कर्म उत्पन्न होते, त्यातून संस्कार निर्माण होतो आणि त्याच्या बळावर बाण पुढे जात राहतो, अशी ती उपपत्ती. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये बुरिदान यांनी मांडलेली 'इम्पेटस'ची कल्पना हिच्याशी नाते सांगणारी आहे.

क्लेमेंट यांच्या १९८२ च्या अभ्यासात वर जाणाऱ्या नाण्यावर विद्यार्थी ऊर्ध्व दिशेचे बल दाखवतात, तेव्हा तेही हाच विचार करत असतात : हाताने दिलेला जोर वस्तूत साठतो आणि हळूहळू संपतो. अनुभवातून सिद्ध झालेली ही सुसंगत धारणा केवळ 'चूक' अशी खूण केल्याने नाहीशी होत नाही. शिवाय मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला अकरावी विज्ञानात बहुधा इंग्रजीकडे वळावे लागते. त्या वेळी संज्ञा बदलतात, धारणा मात्र तीच राहते. आणि भाषांतर जमले म्हणजे आकलन झाले असा समज शिक्षक व विद्यार्थी दोघांचाही होतो.

४. मापनाचा प्रश्न

हेस्टेनिस, वेल्स व स्वॅकहॅमर यांच्या 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' (१९९२) या चाचणीने ही धारणा मोजण्याचे साधन दिले. हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. संभाव्य वाढीच्या तुलनेत प्रत्यक्ष वाढ पारंपरिक वर्गांत सरासरी ०.२३, तर विद्यार्थ्यांना विचारात सक्रिय सहभागी करणाऱ्या वर्गांत ०.४८ आढळली. ही माहिती शिक्षकांनी स्वेच्छेने पाठविलेली होती, ही तिची मर्यादा होय. चाचणी नेमके काय मोजते, असा आक्षेप हफमन व हेलर यांनी १९९५ मध्येच घेतला होता. तरीही मूळ मुद्दा अबाधित राहतो : केवळ सूत्रात किमती भरण्यास लावणारी प्रश्नपत्रिका या धारणेला स्पर्शही करत नाही. विद्यार्थी उत्तीर्ण होतो आणि अडचण पुढील वर्गात जाते.

५. निष्कर्ष

त्वरणाची ओळख 'वेगातील बदलाचा दर' अशी, दिशेसह, करून द्यावी. 'मंदन' हा शब्द चिन्हासाठी न वापरता चाल घटण्याच्या घटनेपुरता राखावा. समीकरणांपूर्वी वेग-काल आलेख काढून घ्यावा. वर फेकलेल्या चेंडूची आलेखरेषा शून्य ओलांडताना कोठेही वाकत वा थांबत नाही, हे विद्यार्थ्याच्या नजरेस आणावे. वैशेषिकांची उपपत्ती न्यूटनच्या पहिल्या नियमाशेजारी ठेवल्यास विद्यार्थ्याला आपली धारणा ओळखता येईल आणि तपासताही येईल. अंतर्गत परीक्षेत आकडेमोडविरहित एक प्रश्न अनिवार्य करणे तर प्रत्येक महाविद्यालयास शक्य आहे. यांपैकी कशासाठीही नव्या उपकरणांची गरज नाही. अचूक उत्तर म्हणजे आकलन, हे गृहीतक तेवढे सोडावे लागेल.