कारखान्यातील सूचनांची मराठी : 'सुरक्षा', 'परवल' आणि 'अद्ययावत'

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका पोलाद कारखान्यात पुढील सूचनापत्रक प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आले : "सर्व संबंधितांनी इंटरनेटशी जोडलेल्या उपकरणांच्या सुरक्षेबाबत योग्य ती दक्षता घ्यावी. परवलीचा शब्द वेळोवेळी बदलण्यात यावा व उपकरणे अद्ययावत ठेवण्यात यावीत." व्याकरणदृष्ट्या यात बोट ठेवण्याजोगे काही नाही. शुद्धलेखनही निर्दोष आहे. तथापि ज्या प्रयोजनासाठी ही वाक्ये लिहिली गेली ते त्यांच्याकडून साधत नाही, असे परीक्षणान्ती म्हणावे लागते.

प्रथम 'सुरक्षा' हा शब्द घेऊ. त्याच भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' असा जुना फलक आहे. भट्टीवरील कामगाराच्या लेखी या शब्दाचा अर्थ हेल्मेट, हातमोजे आणि वितळलेल्या लोखंडापासून राखावयाचे अंतर एवढाच आहे. यंत्रापासून माणसाचे रक्षण आणि परक्या माणसापासून यंत्राचे रक्षण, या दोन कल्पनांना इंग्रजीत 'सेफ्टी' व 'सिक्युरिटी' असे निरनिराळे शब्द आहेत. आपण दोहोंवर एकच शब्द चालवितो. हा मराठीच्या दारिद्र्याचा पुरावा मानण्याचे मात्र कारण नाही. जर्मन भाषेतही 'झिशरहाइट' हा एकच शब्द दोन्ही अर्थी चालतो, आणि तेथील अभियंते गरज पडेल तेव्हा इंग्रजी शब्द उसने घेऊन भेद दाखवितात. त्याच जर्मनीच्या माहिती-सुरक्षा खात्याने २०१४ च्या अहवालात एका पोलाद कारखान्याची हकीकत दिली आहे. फसव्या ई-मेलच्या वाटेने परके लोक प्रथम कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये शिरले, तेथून उत्पादनाच्या नेटवर्कमध्ये पोहोचले. झोतभट्टी नेहमीच्या रीतीने बंद करता आली नाही व मोठे नुकसान झाले. अशा प्रसंगी दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी येऊन भिडतात. म्हणूनच कार्यालयाचे संगणक, कॅमेरे आणि भट्टीचे पॅनेल परस्परांपासून तोडून ठेवावयास हवेत. पत्रकात याविषयी अक्षरही नाही.

'परवलीचा शब्द' या संज्ञेची कथा अधिक उद्बोधक आहे. परवल ही मुळात पहारेकऱ्यांची. रात्री छावणीत येणाऱ्याने ती सांगावयाची, आणि ती आपल्या माणसांखेरीज कोणास ठाऊक असावयाची नाही. पुढे वृत्तपत्री मराठीने हा अर्थ पार उलटा केला. "विकास हा आजचा परवलीचा शब्द झाला आहे" असे आपण लिहितो तेव्हा जो तो ज्याचा उच्चार करतो असा शब्द आपल्याला अभिप्रेत असतो. गुप्ततेची खूण होती ती सर्वतोमुखी झाली! दुर्दैवाने वस्तुस्थिती या नव्या अर्थाशीच जुळते. कॅमेऱ्याबरोबर विकत आलेला 'अ‍ॅडमिन' हा शब्द कित्येक ठिकाणी कोणी बदललेलाच नसतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने अशा साठेक ठराविक जोड्या लावून पाहत लक्षावधी कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्याच साह्याने २१ ऑक्टोबर रोजी 'डाइन' या अमेरिकी कंपनीवर मारा करण्यात येऊन अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. आपले पत्रक शब्द 'वेळोवेळी' बदलावयास सांगते. कॅमेरा भिंतीवर चढविण्यापूर्वी बदला, असे सांगत नाही.

'अद्ययावत' विषयीही तसेच. 'अद्ययावत यंत्रसामग्री' म्हणजे नव्या पद्धतीची, किमती यंत्रे, असा आपल्या जाहिरातींचा संकेत आहे. ज्याने गेल्याच वर्षी नवा वजनकाटा बसविला तो हे वाक्य वाचून निश्चिंत होतो. यंत्राच्या आतील सॉफ्टवेअर दुरुस्त करून घ्यावयाचे आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही. शिवाय वजनकाटा हे 'उपकरण' आहे असे त्यास वाटतच नाही. त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात आहे. आता हे जड म्हणून नोंदलेले यंत्र रात्रंदिवस बाहेरच्या जगाशी बोलत असते, ही गोष्ट निराळी.

सर्वांत मोठा दोष प्रयोगाचा आहे. 'बदलण्यात यावा', 'ठेवण्यात यावीत' : कोणी? सरकारी पत्रव्यवहारातून आलेल्या या रचनेत कर्ता लोपतो आणि त्याच्याबरोबर जबाबदारीही. केंद्राच्या 'सर्ट-इन' या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशान्वये अशा घटना सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक केले आहे. कर्ताच नसलेल्या वाक्याने ते सहा तास कसे पाळले जावेत?

'सिक्युरिटी'साठी 'राखण' हा शब्द घ्यावा, असे मला वाटते. पिकाची राखण या जिल्ह्यात कोणास समजावून सांगावी लागत नाही. तो ग्राम्य वाटेल, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यात राखणारा कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

या धोरणाने नवा मसुदा करून मी तेथील व्यवस्थापकांना दाखविला. "नव्या कॅमेऱ्याचा पासवर्ड इलेक्ट्रिशियनने बसवतानाच बदलावा आणि स्टोअरकीपरकडे बंद पाकिटात द्यावा," असे त्यातील पहिले वाक्य होते. "सर, एवढे साधे लिहिले तर ती सूचना वाटणार नाही," असे ते म्हणाले. मात्र वजनकाट्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, याची चौकशी त्यांनी तेथेच फोन करून केली. तो काटा बसवून गेलेल्या माणसाकडे होता.