वरचं निशाण, खालचं निशाण

चित्रकलेतलं मला फारसं कळत नाही. बी. कॉम.ला तो विषय नव्हता आणि बँकेच्या भिंतीवर टांगलेली कलाकृती म्हणजे कॅलेंडर. तरीही चोरबाजारात घड्याळाचा लंबक शोधायला गेलेला मी परत आलो तो काखेत एक चित्र घेऊन. “साहेब, फार जुना माल आहे,” असं दुकानदार म्हणाला. ते सांगायची गरज नव्हती. चौकटीतून वाळवीच ते सांगत होती.

मूळ चित्र १८३० साली लंडनमध्ये छापलेलं शिळाछाप. माझ्याकडे आहे ती त्याची नक्कल, कुठल्याशा पुस्तकातून कापलेली. मूळ रंगवलं जॉन शेट्की नावाच्या समुद्रचित्रकारानं आणि दगडावर उतरवलं लुई हाग यानं. या हागचा उजवा हात जन्मतःच अधू, त्यामुळे सगळं काम डाव्या हाताचं. ‘डाव्या हाताचा मळ’ ही म्हण यापुढे मी जपून वापरणार आहे.

चित्रात दोन जहाजं बंदरात शिरताहेत. पुढचं ब्रिटिश ‘शॅनन’, मागचं त्यानं पकडून आणलेलं अमेरिकन ‘चेसापीक’. तारीख ६ जून १८१३, स्थळ कॅनडातलं हॅलिफॅक्स. १८१२ साली इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलं आणि पहिल्या काही महिन्यांत अमेरिकनांनी एकास एक लढतीत इंग्रजांची जहाजं पटापट लोळवली. समुद्र म्हणजे आपलं परसदार समजणाऱ्या इंग्रजांना ते फार लागलं. अशात १ जूनला बॉस्टनजवळ या दोघांची गाठ पडली आणि सुमारे पाव तासात निकाल लागला. आमच्याकडे तेवढ्या वेळात पासबुक भरून मिळत नाही.

आता परीक्षण. समुद्र उत्तम, आभाळ उत्तम, शिडं तर इतकी झोकदार की वारा अंगाला लागावा. पण एक गोष्ट खटकते. जिंकलेलं कोण आणि हरलेलं कोण, हे जहाजांकडे पाहून कळतच नाही. दोघांच्याही डोलकाठ्या जागेवर, दोघंही नटूनथटून. एका वऱ्हाडाच्या दोन बसगाड्या असाव्यात तशी एकामागून एक निघाली आहेत. निकाल कळतो तो फक्त निशाणांवरून. पकडलेल्या जहाजावर दोन निशाणं असतात, जिंकलेल्याचं वर, हरलेल्याचं खाली. जमा आणि नावे. माझ्यासारख्या कारकुनाला हे एकदम पटलं. सबंध चित्रात मला आपलं वाटलं ते एवढंच.

पण मग वाचत गेलो आणि त्या निशाणांपाशीच अडकलो.

चेसापीकवर चढून गेलेल्या इंग्रजांत शॅननचा पहिला लेफ्टनंट वॉट होता. लढाई संपत आली, तसा तो अमेरिकन निशाणावर आपलं निशाण चढवायला धावला. गडबडीत दोर गुंतला आणि निशाणं उलटी वर गेली. अमेरिकन वर, ब्रिटिश खाली. शॅननवरच्या तोफवाल्यांना वाटलं, अजून लढाई चालूच आहे. त्यांनी तोफ डागली. वॉट आणि त्याच्याबरोबरचे काही जण जागीच गेले, आपल्याच तोफेनं.

मीसुद्धा एकदा जमेची रक्कम नावे टाकली होती. संध्याकाळी टॅली लागेना. रात्री साडेनऊला चूक सापडली, लाल शाईनं दुरुस्ती झाली आणि साहेबांनी वर चहा पाजला. वॉटला दुसरं व्हाउचर मिळालं नाही.

चित्रात निशाणं अगदी बरोबर क्रमानं लावलेली आहेत. हा सुबकपणाच मला आता खुपतो. अमेरिकन कप्तान लॉरेन्स वाटेतच वारला होता आणि त्याचा देह त्याच जहाजावर होता. इंग्रज कप्तान ब्रोक तलवारीच्या घावानं डोकं फुटून खोलीत पडला होता. दोन्हीकडची मिळून सत्तरच्या वर माणसं मेली होती. हॅलिफॅक्सच्या लोकांनी जयजयकार केला. पण पुढे विनोदी लेखक म्हणून गाजलेला हॅलिबर्टन तेव्हा १६ वर्षांचा होता, तो जहाजावर चढून गेला आणि त्याला ते कत्तलखान्यासारखं दिसलं. चित्रकारानं जे गाळलं ते एका विनोदी लेखकानं पाहून ठेवलं, याचा आमच्या जमातीला थोडा अभिमान वाटायला हरकत नाही.

एकाचं मात्र भलं झालं. कप्तान जखमी आणि वॉट गेलेला, म्हणून शॅनन बंदरात आणलं ते २२ वर्षांच्या वॉलिस या लेफ्टनंटनं. कप्तानकी सहा दिवसांची. पण त्या युद्धकाळात ज्यानं जहाजाची कमान सांभाळली त्याला सक्तीनं निवृत्त करायचं नाही, असा नियम पुढे निघाला. वॉलिस १८९२ साली वारला तेव्हा वय शंभर आणि नाव अजून नोकरीच्या यादीत! हे आमच्या युनियनला कळता कामा नये.

“अहो, पण ह्या बोटींचा आणि आपला संबंध काय?” सौ.नं विचारलं. मी तयारीत होतो. शॅननच्याच घराण्यातलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलं आणि ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय, असं मी ऐटीत सांगितलं. वॉटची गोष्टही सांगितली. ती ऐकून ती जरा गप्प झाली.

मग फडक्यानं काच पुसत म्हणाली, “एकाच दोरीवर दोघांची निशाणं लावली की गुंता व्हायचाच. कुणाच्या तरी आईला कळवावं लागलं असेल हो.”

चित्राचं याहून चांगलं परीक्षण मला करता आलेलं नाही.