जिवतीच्या आकाशासाठी कॅमेरा

जिवती तालुक्यातील एका शिक्षकांनी आम्हाला विचारले, "शाळेसाठी आकाशाचे फोटो काढता येतील असा कॅमेरा घ्यायचा आहे. पैसे एकदाच मिळणार आहेत. किती मेगापिक्सेलचा घ्यावा?" उत्तर देण्यापूर्वी आम्ही या विषयावर सहज हाती लागणारे मार्गदर्शन चाळले: विक्रेत्यांची पत्रके, हौशी छायाचित्रकारांचे सल्ले, निरनिराळ्या कॅमेऱ्यांच्या तुलनेचे तक्ते. त्यांतली माहिती चुकीची नाही. पण ती ज्या वाचकासाठी लिहिली आहे त्याच्याकडे मोटार आहे, लॅपटॉप आहे, ताऱ्यांमागोमाग दुर्बीण फिरवणारी मोटर लावलेली बैठक आहे, आणि त्याला हवे आहे ते भिंतीवर लावण्याजोगे सुंदर चित्र. फोटोवरून काही शोधून काढायचे आहे, असा वाचक या लेखकांच्या डोळ्यांसमोर दिसत नाही. शाळेला तर नेमके तेच करायचे असते.

आधी आकाशाविषयी. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेला लागून माणिकगडचा डोंगराळ पट्टा आहे. जिवती त्यावर वसले आहे. अक्षांश साधारण साडेएकोणीस. म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर. उत्तरेला गडचांदूरचे सिमेंट कारखाने आहेत, तेव्हा त्या बाजूच्या आकाशाची फार आशा धरू नये. खरी श्रीमंती दक्षिणेला आहे. मेच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास त्रिशंकू दक्षिणेला उभा असतो. त्याचा सर्वांत खालचा तारा क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर. थोड्या वेळाने मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे त्याच्या डावीकडून वर सरकतात. दिल्लीच्या शाळेला मित्र तारा क्षितिजाला टेकलेला, धुरकटलेला दिसणार. जिवतीच्या मुलांना तो झाडे नसलेल्या माळावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

आता मेगापिक्सेल. १८ मेगापिक्सेलच्या साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यात संवेदकाचा एक चौकोन सुमारे ४.३ मायक्रॉनचा असतो. त्यावर १८ मि.मी. नाभीय अंतराचे भिंग लावले, तर एका चौकोनात आकाशाचा सुमारे ४९ विकलांचा तुकडा मावतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे विषुववृत्तावरचा तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो. म्हणजे तीन सेकंद उलटले की तारा शेजारच्या चौकोनात. पंधरा सेकंदांच्या फोटोत तो चार-पाच चौकोन ओलांडतो (ध्रुवाजवळचे तारे अर्थातच कमी). चौकोन आणखी लहान केले, म्हणजे मेगापिक्सेल वाढवले, तर तारा ते आणखी लवकर ओलांडेल. मोटरची बैठक नसताना १८ ऐवजी २४ मेगापिक्सेलसाठी जादा पैसे मोजणे म्हणजे गळक्या माठाला चांदीचे झाकण. हा हिशेब नववीच्या मुलांना करता येतो. विक्रेत्याच्या पत्रकात तो कधीच नसतो.

ताऱ्याचा प्रकाश गोळा करते ते भिंगाचे तोंड. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे १८ मि.मी., एफ/३.५ चे भिंग घ्या: १८ भागिले ३.५, म्हणजे तोंड सुमारे ५ मि.मी. अंधाराला सरावलेल्या मुलाच्या डोळ्याची बाहुली ७ मि.मी.पर्यंत उघडते. म्हणजे कॅमेऱ्याचे तोंड डोळ्यापेक्षाही लहान! त्याचे बळ एवढेच की तो पंधरा सेकंद प्रकाश साठवत बसतो, डोळ्याला ते जमत नाही. उलट ५० मि.मी., एफ/१.८ चे साधे भिंग घेतले तर तोंड जवळजवळ २८ मि.मी. होते, आणि क्षेत्रफळ पहिल्याच्या ३० पट. पण त्यातून तारा लवकर सरकतो, म्हणून पाच सेकंदांवर थांबावे लागते. वेळ एक तृतीयांश, तेव्हा निव्वळ फायदा दहा पटींचा. तरीही दहा पट! कॅमेरा जुना चालेल, भिंग मात्र हे असावे, असे आमचे मत होऊ लागले होते.

तेवढ्यात सप्तर्षी आडवे आले. त्यांची लांबी २५ अंशांहून थोडी जास्त, आणि या भिंगाचे दृश्यक्षेत्र जेमतेम २५ अंश रुंद. कॅमेरा तिरका धरावा लागतो. १८ मि.मी.च्या भिंगात मात्र ६० अंशांहून अधिक आकाश मावते. जिवतीत ही गोष्ट क्षुल्लक नाही. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंडांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर कोलाम आणि बंजारा समाजांच्या आकाशज्ञानावरही काम झाले. सप्तर्षीतले चार तारे म्हणजे खाट आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. मृगात नांगर दिसतो. हे तिन्ही समाज या तालुक्यात राहतात. आजीने सांगितलेली खाट चोरांसकट एका चौकटीत यायला हवी असेल, तर शाळेला रुंद भिंगच लागेल. तेव्हा दोन्ही भिंगे घ्या, आणि त्यासाठी कॅमेरा एक पायरी खालचा घ्या.

मोबाइलच पुरणार नाही का, असे अनेक जण विचारतात. काही फोन १६-१६ सेकंदांचे पंधरा फोटो घेऊन ते नेटके एकमेकांवर रचतात. २०१९ पासून ही सोय आहे आणि ती प्रामाणिक आहे. आमची तक्रार वेगळी आहे. मार्च २०२३ मध्ये एका हौशी माणसाने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावले, खोली अंधारी केली आणि एका नामांकित कंपनीच्या फोनने लांबून त्याचा फोटो काढला. पडद्यावर नसलेली विवरे फोटोत उमटली. कंपनीने खुलासा केला की फोन चंद्र ओळखतो आणि शिकवलेल्या कृत्रिम बुद्धीच्या साहाय्याने तपशील उठावदार करतो. घरगुती आनंदासाठी हे ठीक असेल. पण निरीक्षण म्हणजे काय हे ज्या वर्गात शिकवायचे, तेथे न पाहिलेले दाखवणारे उपकरण कसे चालेल? प्रयोग सोपा आहे, शाळेतल्या प्रत्येक फोनवर तो करून पाहावा. म्हणूनच कॅमेरा कोणताही घ्या, संवेदकाने मोजलेले आकडे जसेच्या तसे जपणारी 'रॉ' फाइल त्याने दिली पाहिजे. २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत मृगातला काक्षी तारा लक्षणीय मंदावला होता. अशा वेळी दर आठवड्याला एक रॉ फोटो काढून शेजारच्या ताऱ्यांशी तेज ताडून पाहणारी शाळा खरे शास्त्र करत असते. नेहमीच्या जेपीईजी फोटोत कॅमेरा तेजाचे प्रमाण स्वतःच्या आवडीने बदलतो, त्यामुळे ही तुलना बिघडते.

फोनच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. ती आमच्याच जिल्ह्यातली आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे ओळीने सरकताना हजारो लोकांनी पाहिले. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. पुष्कळांनी उल्कापात म्हटले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चाँग झेंग ३बी या चिनी रॉकेटचा तो तिसरा टप्पा असल्याचे जोनाथन मॅकडॉवेल यांनी लगेचच ओळखले. त्या संध्याकाळच्या चित्रफिती भरपूर आहेत. पण आम्ही पाहिलेल्या बहुतेक फितींत तुकडे आहेत आणि भोवती नुसता काळोख, एकही तारा नाही. ताऱ्यांशिवाय दिशा मोजायची कशी?

जिवती ते सिंदेवाही सरळ अंतर १०० किलोमीटरच्या आसपास. ८० किलोमीटर उंचीवरची वस्तू एका गावात डोक्यावर असेल, तर दुसऱ्या गावातून ती क्षितिजापासून ४० अंशांच्याही खाली दिसेल. इतका फरक स्वस्तातल्या स्वस्त कॅमेऱ्याने मोजता येतो. १८ मि.मी.चे भिंग, पाच सेकंदांचा फोटो, मागे ओळखू येणारे तारे. फोटोतल्या रेघेची दोन टोके म्हणजे झडप उघडली आणि मिटली तेव्हाच्या जागा. पण त्या क्षणांची वेळ दोन्ही गावांत एकच हवी. असा तुकडा सेकंदाला सात-आठ किलोमीटर जातो. घड्याळ एक सेकंद चुकले की उत्तरही तेवढे चुकते. येथे फोन जिंकतो, कारण रेंज असेल तर त्याचे घड्याळ आपोआप जुळते. डीएसएलआरचे घड्याळ मात्र महिनोन् महिने मागेपुढे होत राहते आणि त्याकडे कोणी पाहत नाही. कॅमेऱ्यांच्या तुलनेच्या एकाही तक्त्यात आम्हाला घड्याळाचा रकाना आढळला नाही. उपाय सोपा: निरीक्षण सुरू करताना सेकंद दाखवणाऱ्या फोनच्या घड्याळाचा एक फोटो त्याच कॅमेऱ्याने काढून ठेवायचा.

उष्म्याचे काय? संवेदक अंधारातही तापमानामुळे खोटे ठिपके उमटवतो, आणि दर सहा अंशांना हा उपद्रव जवळपास दुप्पट होतो. डिसेंबरच्या १० अंशांच्या रात्रीपेक्षा मेच्या ३० अंशांच्या रात्री तो दहा पट. म्हणून प्रत्येक रात्री भिंगावर झाकण घालून, तेवढ्याच सेकंदांचे दहाएक फोटो घ्यायचे आणि ते वजा करायचे. थंड केलेल्या संवेदकाचे खास खगोलीय कॅमेरे मिळतात, पण त्यांना संगणक आणि अखंड वीज लागते. हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशासाठी आतली गाळणी बदलून घेण्याचा सल्लाही वारंवार दिला जातो. शाळेने त्या वाटेला जाऊ नये. दिवसा सहलीचे फोटो तांबडे येतील आणि मुख्याध्यापक जाब विचारतील.

तेव्हा त्या शिक्षकांना आम्ही कळवले: जुना डीएसएलआर पाहा. रॉ फाइल, हाताने ठरवता येणारी वेळ आणि पडद्यावर मोठे करून ताऱ्यावर फोकस साधण्याची सोय असली की पुरे. विकत घेण्यापूर्वी दुकानातच झाकण लावून ३० सेकंदांचा फोटो काढा आणि मोठा करून पाहा. पांढरे-लाल ठिपके फार असतील तर दुसरा मागा. भिंग उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना तेही पाहा. चांगली, न हलणारी तिपाई घ्या. आणि जूनमध्ये पहिली सर आली की सगळे सामान घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून घ्याव्या लागतात.