पुरावा कशाला म्हणायचं? डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या संशोधनाची एक तपासणी

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातलं अनुमान पाहिलं. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, ‘सर, धूर आणि अग्नी सोडून तुमच्याकडे दुसरं उदाहरण नाही का?’ प्रश्न रास्त होता. आम्ही तर्कशास्त्र शिकवणारी माणसं त्या एका डोंगरावर वर्षानुवर्षं धूर काढत बसतो. म्हणून आज उदाहरण घेतो आहे ते महाडच्या एका डॉक्टरांचं.

डॉ. हिम्मतराव बावस्कर हे नाव तुम्हाला ठाऊक आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत ‘विंचूदंशावर औषध शोधणारा ग्रामीण डॉक्टर’ असा मथळा होता. त्यांच्याविषयी आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक गौरवपर असतं. गौरव व्हायलाच हवा. पण गौरव करताना आपण त्यांच्या कामातला युक्तिवाद वाचत नाही. मी वैद्यकातला माणूस नाही, आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. तेव्हा त्या नजरेनेच विचारतो: या डॉक्टरांना जे कळलं, ते कळलं असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

आधी हकिकत थोडक्यात सांगतो. सत्तरच्या दशकात बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून माणसं, त्यातही लहान मुलं, दगावत होती. काळ्या विंचवाने आग होते, माणूस रात्रभर तळमळतो, पण सहसा मरत नाही. लाल विंचवाचं तसं नाही. आधी उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ. मग हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, आणि पुढे फुप्फुसात पाणी भरून रोगी गुदमरतो. बावस्करांनी रोग्याच्या खाटेशी बसून हा क्रम टिपला. धोका पुढे येतो आहे हे आधीच सांगणारी लक्षणं कोणती, हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिनवरचा लेख आला. ही रक्तदाबाची गोळी, स्वस्त आणि तोंडाने देता येणारी. त्यांच्या संशोधनात आणि लेखनात पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचाही वाटा आहे. ‘एकट्या डॉक्टरची झुंज’ असं लिहिणारे हे विसरतात.

आता युक्तिवादाकडे येऊ. विंचवाचं विष मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाटा नीट बंद होऊ देत नाही. त्यामुळे शरीरात उत्तेजक रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर भार पडतो. प्राझोसिन नेमकी ती आवळ सोडवतं. म्हणजे इथे फक्त ‘दिलं आणि बरं वाटलं’ एवढंच नाही, का बरं वाटलं याचीही एक साखळी आहे. शिवाय त्यापूर्वी अशा रोग्यांना जी औषधं देत असत, अॅट्रोपिन किंवा गुंगी आणणारं मिश्रण, त्यांतली काही या रोगात उलट घात करतात, हेही त्यांनी ठासून सांगितलं. माझ्या मते हे काम प्राझोसिनइतकंच मोलाचं आहे, पण मथळ्यात ते कधी येत नाही.

सगळीकडे सांगितला जातो तो आकडा असा: प्राझोसिनच्या आधी मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं, नंतर ते १ टक्क्याच्या आसपास आलं. बावस्करांच्या स्वतःच्या लेखांतही तो येतो. तर्कशास्त्राचा माणूस इथे थांबतो.

न्यायदर्शनात ‘उपाधी’ नावाची गोष्ट आहे, ती आठवा. अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असं म्हटलं तर चुकतं, कारण धुरासाठी ओलं सरपणही लागतं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ओलं सरपण ही उपाधी. संबंध दिसतो दोघांत, पण मधे तिसरं कुणी काम करत असतं.

मग ३० वरून १ वर येण्यात उपाधी किती असतील? एक, आधीची घातक औषधं बंद झाली. दोन, डॉक्टरांचं नाव झालं तसे लोक मांत्रिकाकडे न थांबता लवकर येऊ लागले. तीन, नाव झालं म्हणून सौम्य दंशाचे रोगीही येऊ लागले. पूर्वी दहा रोगी यायचे ते सगळे अत्यवस्थ, आता शंभर येतात त्यात अत्यवस्थ दहाच. मृत्यू तेवढेच झाले तरी टक्केवारी घसरते, कारण छेद बदलला. चार, रस्ते आणि वाहनं वाढली. या चारही गोष्टी प्राझोसिनच्याच काळात घडल्या. म्हणून त्या घसरणीतला औषधाचा वाटा किती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

कुणी म्हणेल, ‘अहो, माणसं वाचली ना, मग हा कीस कशाला?’ मला वाटतं बावस्करांना स्वतःला हा कीस मान्य असावा. कारण त्यांनी पुढे जे केलं ते आपल्याकडे फार थोडे संशोधक करतात. ज्या औषधाशी त्यांचं नाव जोडलं गेलं, त्यालाच त्यांनी स्पर्धक उभा केला. विंचवाच्या विषावरची लस, म्हणजे प्रतिविष, उपलब्ध झाल्यावर त्यांनी महाडला यादृच्छिक चाचणी केली. ती २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. १९४८ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध चाचणी छापली गेली ते हेच नियतकालिक. सत्तर रोगी, पस्तीस-पस्तीसचे दोन गट. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८, दुसऱ्या गटात ३२. बरं व्हायला सरासरी वेळ पहिल्या गटात १७.७ तास, दुसऱ्यात ८ तास. म्हणजे ‘माझं औषध एकटं पुरेसं नाही, सोबत प्रतिविष दिलं तर निम्म्याहून कमी वेळ लागतो’ हे त्यांनी स्वतःच जगासमोर मांडलं. पुढे २०१४ मध्ये पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये लहान मुलांवर अशीच चाचणी झाली आणि निष्कर्ष त्याच दिशेचा आला.

या चाचणीतही दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. कोणाला काय दिलं हे डॉक्टरांना माहीत होतं, ती झाकलेली नव्हती. आणि हृदय-फुप्फुस आधीच बिघडलेले रोगी तिच्यात घेतले नव्हते. म्हणून ती बरं होण्याच्या वेगाविषयी बोलते, मृत्यूविषयी बोलत नाही. ‘चाचणीने प्राझोसिन सिद्ध झालं’ असं कुणी म्हणालं तर ते बरोबर नाही. दोन्ही गटांना प्राझोसिन दिलंच होतं. प्राझोसिन विरुद्ध काहीच नाही, अशी चाचणी आता कुणी करणार नाही आणि करूही नये.

मग प्राझोसिनवर विश्वास ठेवायचा कशावर? माझं उत्तर असं: घड्याळावर. विंचूदंश हा तासांचा रोग आहे. बर्फासारखे गार पडलेले हात काही तासांत कोमट होतात, चढलेला रक्तदाब उतरतो, आणि हे डॉक्टर खाटेशी बसून पाहतो. औषधाआधीचा तो रोगी आणि औषधानंतरचा तोच रोगी, अन्वय आणि व्यतिरेक एकाच देहात, एकाच रात्रीत. त्यात कार्यकारणाची साखळी आधीच समजलेली. अशा वेळी मधे उपाधी शिरायला फार जागा उरत नाही. ३० आणि १ या आकड्यांपेक्षा हा पुरावा मला भक्कम वाटतो.

पण बावस्करांनी विंचवापुरतं काम केलं नाही, आणि खरी परीक्षा तिथेच आहे. मण्यार घ्या. ही रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण बहुधा दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास मंदावतो. डॉक्टरला परिणामावरून कारण ओळखावं लागतं. आपल्या शास्त्रात याला शेषवत् अनुमान म्हणतात: नदी फुगलेली दिसली, तर वर कुठेतरी पाऊस पडला. याला न्यायसूत्रांतच आक्षेप आहे, की नदी कुणी बांध घातल्यानेही फुगेल. म्हणून सगळी लक्षणं एकत्र पाहावी लागतात. नागाच्या विषात निओस्टिग्मिन उपयोगी पडतं, मण्यारीच्या विषात त्यावर भिस्त ठेवता येत नाही, कारण तिचं विष मज्जातंतूचं टोकच निकामी करतं. तिथे श्वास चालू ठेवून वाट पाहावी लागते. लक्षणांची अचूक ओळख, ती ग्रामीण दवाखान्यात शक्य आहे हे दाखवणं, हे बावस्करांचं सर्पदंशावरचं योगदान. त्यात चमत्कारिक औषध नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही.

आता तिसरं उदाहरण. २०१० मध्ये त्यांनी महाराष्ट्रातल्या एका लहान गावातल्या मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराविषयी लिहिलं, आणि त्याचा संबंध पिण्याच्या पाण्यातल्या जड धातूंशी जोडला. हे धाडस मोठं आहे. शहरात बसलेल्या कुणालाही हे गाव दिसलं नव्हतं. पण इथे त्यांचं जुनं घड्याळ चालत नाही. मूत्रपिंड वर्षानुवर्षं झिजतं. पाणी बदललं म्हणून हात कोमट होत नाहीत. डॉक्टरांसमोर फुगलेली नदी आहे, पाऊस की बांध ते दिसत नाही. वेदनाशामक गोळ्या, उन्हातलं कष्टाचं काम, कीटकनाशकं, मधुमेह, रक्तदाब, किती बांध असू शकतात. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात शेतकऱ्यांना होणाऱ्या अशाच विकारावर नव्वदच्या दशकापासून काम चालू आहे. तिथे कॅडमियम, फ्लोराइड, पाण्याचा जडपणा, तणनाशक, उष्णता, सगळे संशयित झाले, पण एकमत झालेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: एकाच डॉक्टरच्या एकाच नजरेने केलेल्या कामाला प्रत्येक ठिकाणी सारखं बळ नसतं. ते रोगाच्या गतीवर अवलंबून असतं. विंचवाच्या बाबतीत खाटेशी बसून पाहिलेलं जवळजवळ पुरावा होतं. मूत्रपिंडाच्या बाबतीत तेच पाहणं एक चांगला प्रश्न होतं. आपण मात्र ‘त्यांनी विंचवाचं खरं ठरवलं, म्हणजे पाण्याचंही खरंच असणार’ असं म्हणून मोकळे होतो. हा आप्तवाक्यावरचा विश्वास झाला. आप्तवाक्य हे प्रमाण आहे, पण आप्त कोणत्या विषयातला, हे विचारावं लागतं.

याचे परिणाम गावाला भोगावे लागतात. कारण पाणी असेल आणि आपण दुर्लक्ष केलं, तर माणसं विष पीत राहतील. कारण दुसरं असेल आणि आपण पाण्यावर समाधान मानलं, तर गाळणी बसेल, फोटो निघेल, आणि डायलिसिसची रांग तशीच राहील. पाण्यात शिसं सापडलं तर ते काढायलाच हवं, त्यासाठी कुठल्याही चाचणीची वाट पाहू नये. पण ते काढून शोध संपला असं समजू नये. ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये कारण ठरवण्याचे जे नऊ निकष मांडले, त्यांतलं पहिलं पाऊल तरी इथे टाकता येईल: त्याच मातीतलं, तेच पीक घेणारं, पण वेगळ्या विहिरीचं पाणी पिणारं शेजारचं गाव तपासायचं. व्यतिरेक तिथे सापडेल.

आणि विंचवाबाबतही एक मागणी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत तीन रकाने हवेत: दंशानंतर रोगी किती तासांनी आला, येताना कुठल्या टप्प्यात होता, पुढे काय झालं. मग सारख्या टप्प्यातल्या, सारख्या वेळी आलेल्या रोग्यांची तुलना करता येईल, आणि ३० आणि १ च्या मधलं किती औषधाचं, किती रस्त्याचं, हे कळेल. बावस्करांनी खाटेशी बसून टिपणं ठेवली, तिथूनच हे सगळं सुरू झालं. त्यांचा गौरव करायचा असेल तर पुढच्या डॉक्टरच्या हातात ती नोंदवही द्यायला हवी.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा. आणि पुढच्या वेळी धुराचं उदाहरण पुन्हा आलं, तर रागावू नका.