रोल संपवायचा म्हणून

होमाई व्यारावाला यांचे वर्तमानपत्रात छापून आलेले पहिले फोटो एका सहलीचे होते. १९३० च्या दशकात मुंबईतल्या एका महिला क्लबची सहल निघाली, त्यांनी तिचे फोटो काढले, ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने ते छापले आणि फोटोमागे एक रुपया दिला. पुढे दिल्लीला गेल्यावर सत्तांतर, नेहरू, परदेशी पाहुणे असं सगळं त्यांच्या कॅमेऱ्यात आलं, २०११ साली पद्मविभूषणही मिळालं. त्यांचं नाव निघालं की लोकांच्या डोळ्यांपुढे तेच फोटो येतात. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना त्यांनी वर्गमैत्रीण रेहाना मोगल हिचे आणि शहरातल्या रोजच्या वावराचे जे फोटो काढले, ते मात्र मागे राहतात. सुरुवातीला तर होमाईंना कोणी ओळखत नव्हतं म्हणून त्यांचे फोटो पती माणेकशॉ यांच्या नावावर छापले जात. त्या काळच्या मुंबईतल्या शिकणाऱ्या मुली मोकळ्या वेळात कशा दिसत हे आज पाहायचं असेल, तर नेहरूंच्या फोटोंचा काही उपयोग नाही. त्यासाठी हे मागे राहिलेले फोटोच बाहेर काढावे लागतात.

फिल्मवर रोजचं आयुष्य आणि भटकंती टिपण्याची हौस सध्या जोरात आहे, म्हणून ही आठवण. माळ्यावरचा वडिलांचा याशिका खाली उतरतो आहे, चोरबाजारात जुन्या कॅमेऱ्यांचे भाव चढले आहेत आणि विशीतली मुलं ‘रोल कुठे धुऊन मिळतो’ हे एकमेकांना विचारत आहेत. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा फिल्मचं तेरावंसुद्धा उरकल्यासारखे सगळे बोलत होते. त्याच वर्षी बंद झालेली एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म कोडॅकने २०१८ मध्ये पुन्हा आणली. इल्फर्डच्या कृष्णधवल फिल्म बनवणाऱ्या इंग्लंडच्या हारमन कंपनीने २०२३ च्या अखेरीस ‘फिनिक्स’ नावाची स्वतःची रंगीत फिल्म काढली. २०२४ च्या जूनमध्ये तर पेंटॅक्सने फिल्मचा नवाकोरा कॅमेरा बाजारात आणला. ‘पेंटॅक्स १७’ हे त्याचं नाव फ्रेमच्या रुंदीवरून पडलं. एरवीच्या एका फ्रेमच्या जागेत तो दोन बसवतो, त्यामुळे छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो निघतात. अंतर जुळवायला त्याच्या भिंगावर काटा-सुरी, माणूस, डोंगर अशा चित्रांच्या खुणा आहेत. टेबलावरची थाळी, समोरचा माणूस, लांबचा कडा: रोजचं जगणं आणि सहल, दोन्ही भिंगाच्या कड्यावरच मांडून ठेवलेले.

म्हणजे मालाला मरण नाही. कलेचं काय चाललं आहे, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर एवढं उत्साहाचं नाही.

आपल्याकडे घरगुती फोटो ज्या कॅमेऱ्याने रुजवला तो आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा, त्यात १२० चा रोल जायचा आणि त्यावर बारा चौकोनी फोटो निघायचे. भिंग साधं आणि शटरची गती एकच. उन्हाची आणि ढगाची खूण बघून खटका फिरवायचा, एवढंच काय ते तंत्र. अशा कॅमेऱ्याला भरपूर उजेड लागतो, म्हणून ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीवर घ्यायचं हा नियम घराघरात पाठ झाला होता. जुन्या अल्बममधली सहलीला गेलेली सगळी मंडळी डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून का उभी असतात, याचं उत्तर त्यात आहे. त्यांचा काही राग नव्हता. दुपारचं ऊन थेट तोंडावर यायचं. रांगेत उभं राहायचं, उंच माणसांनी मागे, पोरांनी पुढे उकिडवं बसायचं, हेही बाराच्या हिशेबातूनच आलेलं. एका फोटोत सगळी माणसं बसवली की अकरा उरतात.

नंतर पस्तीस मिलिमीटरचे कॅमेरे आले. याशिका एमएफ-२ सारखा कॅमेरा घेतलेल्या घराला शेजाऱ्यांच्या बारशापासून मुंजीपर्यंत आमंत्रणं असत. हॉट शॉट कॅमेऱ्याच्या जाहिरातीतला ‘खटॅक’ पोरांच्या तोंडी बसला. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावीही कलर लॅबची पाटी लागली आणि प्रिंट पोस्टकार्ड साइजची झाली. तरी छत्तीसचा रोल एका प्रसंगात संपवणारी घरं थोडीच. गणपती, मधल्या बहिणीचा साखरपुडा, शाळेचं गॅदरिंग आणि उन्हाळ्यातलं महाबळेश्वर एकाच रोलवर असायचं. निगेटिव्हची पट्टी उजेडात धरली की घराचं अख्खं वर्ष ओळीने दिसतं.

आणि शेवटी दोन-तीन फोटो उरायचे. रोल धुवायला टाकायचा आहे, तर ते वाया कशाला घालवा? मग स्वयंपाकघरात कणीक मळणाऱ्या आईचा एक, दारातल्या स्कूटरचा एक, झोपलेल्या आजोबांचा एक, नव्या फ्रिजचा एक. या फोटोंसाठी कोणी केस विंचरून आलेलं नसायचं. ‘अगं, माझा कशाला?’ असं म्हणत असतानाच बटण दाबलेलं असायचं. मराठी घरांतलं रोजचं जगणं फिल्मवर आलं ते बहुतेक असं, उरलेल्या फ्रेममध्ये. समारंभाचे फोटो सगळ्यांकडे सारखेच असतात. खुंटीवरची पिशवी, भिंतीवरचं महालक्ष्मीचं कॅलेंडर, ओट्यावरचा वातीचा स्टोव्ह हे सगळं या शेवटच्या दोन-तीन फोटोंत सापडतं.

आजचा फिल्मवाला नेमका उलटा आहे. त्याचा अख्खा रोल जणू उरलेल्या फ्रेमचा असतो. इराणी हॉटेलातली रिकामी खुर्ची, काचेच्या ग्लासातला कटिंग चहा, रंग उडालेला दरवाजा, लोकलच्या खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा. विषय रोजचे आहेत हे खरं. पण आईला ‘माझा कशाला’ म्हणायची वेळच येत नाही, कारण माणूस फोटोत नसतो. असला तर पाठमोरा आणि अनोळखी. हे फोटो त्या दिवसाबद्दल कमी आणि फिल्मबद्दल जास्त बोलतात. दाणेदार पोत आणि मधाळ रंग दिसले की काम झालं.

त्या रंगांचंही एकदा नीट बघायला हवं. आजच्या बहुतेक रोलची प्रिंट निघतच नाही. रोल धुतला की थेट स्कॅन होतो. ते स्कॅन करणारी फुजी फ्रंटियर किंवा नोरित्सु ही यंत्रं मिनिलॅबच्या जमान्यातली आहेत आणि निगेटिव्हवरून रंग कसा काढायचा याचा बराचसा निर्णय यंत्र आणि त्यापुढे बसलेला माणूस घेतो. तोच रोल दोन लॅबमध्ये स्कॅन करून पाहावा, सिंहगडावरचं गवत एकीकडे पोपटी तर दुसरीकडे पिवळट येईल. ‘कोडॅक गोल्डचा रंग’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्यात या यंत्राचा मोठा वाटा असतो. मोबाइलच्या फिल्टरची गंमत त्याहून मोठी. ते ज्याला फिल्मचा रंग म्हणतात तो पुष्कळदा विटलेल्या प्रिंटचा रंग असतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रंगीत प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग आधी उडून जातो, म्हणून जुने फोटो लालसर दिसतात. प्रिंट नवी होती तेव्हा आकाश चांगलं निळं होतं!

रात्रीच्या फोटोंत दिव्यांभोवती दिसणारं लाल वलय हाही असाच प्रकार. सिनेमाच्या फिल्मच्या पाठीला काजळीचा काळा थर देत असत, म्हणजे आत शिरलेला उजेड उलटून पुन्हा फिल्मवर येत नाही. हा थर आधीच काढून टाकलेली फिल्म साध्या लॅबमध्ये धुता येते, पण मग मरीन ड्राइव्हच्या प्रत्येक दिव्याला लाल कडं पडतं. पहिल्यांदा पाहिलं की छान वाटतं. शंभराव्यांदा ते दिव्याभोवतीचं लाल कडंच असतं.

फिल्म हातात घेतली की नजर आपोआप सावकाश होते, असंही फार ऐकायला मिळतं. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून आज दीड हजाराच्या आसपास जातात, म्हणजे एक खटका साधारण चाळीस रुपयांना पडतो. एवढ्याने माणूस थबकतो, हे मान्य. थबकून काय बघतो, हे पैशाने ठरत नाही.

ते ठरवणारी माणसं या माध्यमात होऊन गेली आहेत. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना पगारी रजा मिळाली आणि सुट्टीत भटकणं ही श्रीमंतांपुरती गोष्ट राहिली नाही. दोन वर्षांनी आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी नदीकाठच्या सहलीचा एक फोटो काढला. उतारावर काही माणसं पाठमोरी बसली आहेत, एकजण ग्लासात वाइन ओततो आहे, खाऊन झालेल्या बश्या बाजूला आहेत, समोर पाण्यात होडी आहे. कॅमेऱ्याकडे कोणीच पाहत नाही. इथेही माणसं पाठमोरी आणि अनोळखीच आहेत, तरी फोटो रिकामा नाही. भरल्या पोटाचा आळस त्या पाठींवर दिसतो.

मुंबईपुरतं बोलायचं तर रघु राय यांचा १९९५ मधला चर्चगेट स्टेशनचा फोटो आठवावा. शटर मुद्दाम जास्त वेळ उघडं ठेवल्यामुळे धावणारी गर्दी धुरासारखी पसरली आहे आणि पेपर वाचत थांबलेली मोजकी माणसं तेवढी स्पष्ट आली आहेत. तंत्राची करामत इथेही आहे, पण ती लोकल पकडणाऱ्या माणसाच्या सकाळ-संध्याकाळबद्दल काहीतरी सांगण्यासाठी राबते. केतकी शेठ यांचं ‘बॉम्बे मिक्स’ (२००७) हे कृष्णधवल पुस्तक तर रस्त्यावरच्या मुंबईचंच आहे. सूनी तारापोरवाला यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आपल्याच घरच्यांपासून सुरुवात केली आणि पारशी समाजावरचं त्यांचं पुस्तक २००० साली आलं. घरातले म्हातारे, अग्यारीची वाट, लग्न, दुपारची झोप. वीसेक वर्षं एकाच समाजाच्या मागे राहिल्यावर जे साठतं ते त्यात आहे. आजच्या फिल्म पिढीत हात चांगले आहेत, नजरही आहे. कमी पडतो आहे तो असा एका जागी ठिय्या. या शनिवारी माथेरान, पुढच्या शनिवारी पणजीतल्या फोंटेन्हासच्या रंगीत भिंती, त्यानंतर लडाख. प्रत्येक ठिकाणी एक रोल.

अपवाद म्हणून एका अनपेक्षित गोष्टीकडे बघता येईल. हल्ली लग्नात टेबलाटेबलावर ‘वापरा आणि परत द्या’ प्रकारचे सत्तावीस फोटोंचे कॅमेरे ठेवायची टूम निघाली आहे. छायाचित्रकार मंडळी त्याला नाकं मुरडतात. भिंग प्लास्टिकचं असतं, फोकस बदलत नाही, फ्लॅश सुरू करायला विसरलं की हॉलमधला फोटो काळाठिक्कर येतो आणि निम्मे फोटो वाकडे असतात. पण मामाच्या हाती तो कॅमेरा गेला की मामा मामीचाच फोटो काढतो, तोंडात जिलबी असताना. पंगतीत वाढणारा मुलगा, चपला सांभाळत बसलेली करवली, खुर्चीवर पेंगणारी आत्या यांच्याकडे भाड्याने आणलेल्या छायाचित्रकाराचं लक्ष नसतं. या खेळण्याचं असतं. सौंदर्याच्या कसोटीवर हे फोटो टिकणार नाहीत. तरी आजच्या फिल्मवर ओळखीची माणसं सगळ्यात जास्त कुठे दिसत असतील, तर या डब्यांमध्ये.

राहता राहिली निगेटिव्ह. या सगळ्यात तिचे हाल सर्वांत वाईट आहेत. डिजिटल फाइलपेक्षा फिल्मचा खराखुरा फायदा कोणता, तर धुतल्यावर हाती एक वस्तू येते. ती उजेडात धरून नुसत्या डोळ्यांनी पाहता येते आणि तिला ना बॅटरी लागते ना पासवर्ड. आपल्याकडच्या दमट हवेत तिला बुरशी धरते हे खरं, पण चांगल्या पिशव्या, सिलिका जेलची पुडी आणि कोरडं कपाट एवढ्यावर ती कित्येक वर्षं निभावते. पाब्लो बार्थोलोम्यू यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत दिल्ली, मुंबई आणि कलकत्त्यात मित्रमंडळींचे, घरांचे, रस्त्यांचे कृष्णधवल फोटो काढले होते. ते काम फ्रान्समधल्या आर्लच्या महोत्सवात मांडलं गेलं २००७ साली. मधली पंचवीस-तीस वर्षं त्या निगेटिव्ह नुसत्या टिकून राहिल्या, म्हणून ते शक्य झालं. आज पुष्कळ गिऱ्हाइकं स्कॅन मोबाइलवर आले की खूश असतात. रोल परगावच्या लॅबला पाठवलेला असतो आणि निगेटिव्ह परत मागवायची तर कुरिअरचे पैसे वेगळे द्यावे लागतात. बऱ्याच लॅबमध्ये निगेटिव्ह किती दिवस सांभाळायच्या याची मुदत ठरलेली असते. मुदतीत कोणी न्यायला आलं नाही, तर सिंहगडाचं गवत, जिलबी खाणारी मामी आणि चहाचे ग्लास एकाच कचऱ्याच्या पिशवीतून जातात.