भाषांतराविना रूपांतर : ब्रिटिश विनोदी मालिकांचे अमेरिकी अवतार

रूपांतराचा विचार आपण बहुधा भाषांतराच्या पुढची पायरी म्हणून करतो. आधी संहितेची भाषा बदलते, मग नावे, गाव, चालीरीती. ‘ती फुलराणी’विषयी या क्रमाने बोलता येते. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांच्या अमेरिकी पुनर्निर्मितीत मात्र ही पहिली पायरीच नाही. इंग्रजी तीच राहते, आणि तरीही मालिका नव्याने लिहावी लागते.

याचे प्रचलित स्पष्टीकरण समाजरचनेचे आहे आणि ते काही अंशी खरेही आहे. ‘टिल डेथ अस डू पार्ट’मधील (१९६५-७५) आल्फ गार्नेट हा कामगारवर्गातला असूनही हुजूर पक्षाचा कडवा समर्थक, समाजवादी जावयाशी त्याचे भांडण मुख्यतः वर्गनिष्ठेचे. नॉर्मन लिअर यांच्या ‘ऑल इन द फॅमिली’त (१९७१-७९) आर्ची बंकर जावयाला त्याच्या पोलिश वंशावरून टोचतो. ‘स्टेप्टो अँड सन’मधले लंडनचे भंगारवाले बापलेक १९७२ साली लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातले कृष्णवर्णीय झाले. वर्गाच्या जागी वंश आला, असे म्हणून अभ्यासक येथे थांबतात.

थांबू नये, असे ‘द ऑफिस’ सुचवते. मूळ मालिका (२००१-०३) दोन सत्रांत बारा भागांची, अधिक नाताळचे दोन विशेष भाग. डेव्हिड ब्रेंटचे हास्यास्पद असणे तेवढ्या अवधीत सोसवते. दुसऱ्या सत्राच्या अखेरीस नोकरी जाताना तो गयावया करतो, तेव्हा हसू घशातच अडकते. (विशेष भागांत त्याला थोडा दिलासा मिळतो, पण तेथे मालिका संपतेच.) अमेरिकी आवृत्तीचा पहिला भाग (२००५) मूळ संहितेला जवळजवळ चिकटून होता. दुसऱ्या सत्रापासून मायकेल स्कॉट अधिक लोभस, कामात अधूनमधून निपुणही दिसू लागला. हे सौम्यीकरण केवळ अमेरिकी आशावादाच्या खाती टाकणे मला अपुरे वाटते. २०१३ पर्यंत २०१ भाग चाललेल्या मालिकेत प्रेक्षकाला त्या माणसाच्या सहवासात राहावेसे वाटणे ही रचनेचीच गरज होती. २०११ मध्ये मायकेल स्वेच्छेने, होणाऱ्या पत्नीसह कोलोरॅडोला जातो. ब्रेंटला काढून टाकले जाते. एकाच बीजाचे हे दोन शेवट भागसंख्येशी बांधलेले आहेत. म्हणून दीर्घता हाही संहितेचाच घटक मानावा लागेल, आणि निव्वळ संवाद-प्रसंग ताडून ठरवलेली ‘मूलनिष्ठा’ येथे निकष म्हणून फारशी उपयोगी पडणार नाही.

‘फॉल्टी टॉवर्स’चे (१९७५, १९७९) उदाहरण अधिक बोलके आहे. त्याचेही भाग बाराच. १९८३ च्या ‘अमांडाज’मध्ये बेसिल व सिबिल या दांपत्याऐवजी एकच मालकीण आली. हॉटेल राहिले, पाहुणे राहिले. ज्याच्या कोंडमाऱ्यातून सारा गोंधळ उद्भवत होता तो नवरा मात्र गेला. मालिका त्याच वर्षी बंद पडली.