फाशी आणि घरातील मृत्यू : लोकक्षोभाची चिकित्सा

मुंबईच्या साने गुरुजी मार्गावर (लोकांच्या तोंडी अद्यापि आर्थर रोडच) मध्यवर्ती कारागृह आहे आणि त्याच मार्गावर भाजलेल्या रुग्णांचा कक्ष असलेले कस्तुरबा रुग्णालय आहे. कारागृहाच्या आवारातील विशेष न्यायालयाने १९९३ च्या बाँबस्फोट-खटल्यात याकूब मेमन यास २००७ साली देहान्ताची शिक्षा सुनावली. ३० जुलै २०१५ रोजी नागपुरास ती अमलात आली. तत्पूर्वी राष्ट्रपतींकडे नामवंतांच्या सह्यांचे निवेदन गेले, सर्वोच्च न्यायालय उत्तररात्री बसले, आणि त्याच दिवशी मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात दफनास हजारोंचा समुदाय लोटला.

त्याच वर्षी राष्ट्रीय गुन्हे नोंदणीत देशभरातील ७,६३४ हुंडाबळी नोंदले गेले. फाशी झाली ती एकच. या दोन आकड्यांवरून फाशीच्या विरोधकांना निरुत्तर करण्याची प्रथा पडली आहे. आकडे बिनतोड आहेत. युक्तिवाद मात्र तसा नाही. शासन आपल्या नावाने जो मृत्यू घडविते त्याचा जाब नागरिकाने विचारणे हे अन्य मृत्यूंविषयीच्या उदासीनतेचे लक्षण ठरत नाही.

तथापि आक्षेपात तथ्यांश आहे, आणि तो संख्येत नसून पूर्वसूचनेत आहे. फाशीची तारीख आधी ठरते. म्हणून क्षोभाला एकत्र येण्यास अवधी मिळतो. घरातील मृत्यूला पूर्वसूचना नसते, असे मानले जाते. हे खरे नव्हे. गिरगाव-लालबागच्या चाळींत एका खोलीतला आवाज दुसरीत पोहोचतो. सूचना महिनोन्महिने मिळत असते. परंतु ती ज्यांना मिळते ते तिला 'नवराबायकोचे भांडण' म्हणून बाजूस सारतात. मग चुलीजवळचा भडका तेवढा अकस्मात ठरतो.

क्षोभ झालाच नाही, हेही वस्तुस्थितीला धरून नाही. पुण्याच्या मंजुश्री सारडा प्रकरणात (१९८२) विवाहानंतर अवघ्या चार महिन्यांत विषाने मृत्यू घडला. सत्र न्यायालयाने पतीस फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यास निर्दोष सोडले; आत्महत्येची शक्यता पुराव्याने वगळली जात नव्हती. परिस्थितिजन्य पुराव्याच्या ज्या पाच कसोट्या या निकालात मांडल्या गेल्या, त्या आजही न्यायालये उद्धृत करतात. स्त्री-संघटनांनी या निकालाचा तीव्र निषेध केला. दादरच्या स्त्री मुक्ती संघटनेचे ज्योती म्हापसेकरलिखित 'मुलगी झाली हो' १९८३ पासूनच गावोगाव होत होते. हा क्षोभ फाशीच्या बाजूचा की विरुद्धचा, हा प्रश्नच तेथे गैरलागू आहे. शिक्षा किती कठोर, यावर तेथे काहीच अडले नव्हते. अडले होते ते पुराव्यापाशी.

दंडसंहितेत १९८६ साली आलेल्या हुंडाबळीच्या कलमाने हा भार काहीसा हलका केला. विवाहापासून सात वर्षांच्या आत अस्वाभाविक मृत्यू झाला, आणि मृत्यूच्या नजीकच्या काळात हुंड्यापायी छळ झाल्याचे दिसले, तर न्यायालय सासरच्यांविरुद्ध गृहीतक धरते. तो नजीकचा काळ सिद्ध करावयास साक्षीदार लागतात, आणि माहेरची माणसे सोडली तर ते बहुधा भिंतीपलीकडेच राहत असतात.